मोजणी आणि बेरीज

आपण दिवसांतून अनेक वेळां “किती?” असा प्रश्न विचारतों. आज वर्गांत मुलें किती आलीं? दुकानांत विक्री किती झाली? यंदा शेतांत ज्वारी किती पिकली? प्रश्न एकच दिसतो. परंतु त्याचीं उत्तरें दोन निरनिराळ्या रीतींनीं काढावीं लागतात. एक रीत मोजणीची व दुसरी बेरजेची. एका रीतीनें काढलेलें उत्तर दुसरीच्या जागीं ठेवलें, तर खऱ्या आंकड्यांतूनही खोटा निष्कर्ष निघतो, आणि त्याचा भार बहुधा ज्याला तो सोसवत नाहीं त्याच्याच माथीं येतो. हा भेद मीं एका चुकीमुळें शिकलों. ती चूक माझीच होती, म्हणून प्रथम तीच सांगतों.

पेन्सिलींचीं खोकीं

कांहीं वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांनीं चालविलेल्या एका लहानशा भांडाराची देखरेख माझ्याकडे होती. मधल्या सुटींत वह्या व पेन्सिली विकाव्या, प्रत्येक विक्री नोंदवहींत एका ओळींत लिहावी, आणि सत्राच्या अखेरीस विक्रीचा अहवाल तयार करावा, असा क्रम ठरलेला होता. नोंदवही लिहिणारा विद्यार्थी अत्यंत नेटका होता. एकही विक्री त्यानें लिहिल्यावांचून सोडली नाहीं. अहवालाच्या वेळीं त्यानें ओळीओळीवर बोट ठेवून पेन्सिलींच्या ओळी मोजल्या, नंतर वह्यांच्या ओळी मोजल्या, आणि लिहिलें कीं, भांडारांत पेन्सिलींची विक्री सर्वांत अधिक होते; सबब पुढील वर्षाकरितां पेन्सिली अधिक मागवाव्या व वह्या थोड्या मागवाव्या. मीं नोंदवहींतील कांहीं ओळी पडताळून पाहिल्या. त्या बरोबर निघाल्या. मीं अहवालाखालीं सही केली.

जून महिन्यांत शाळा उघडली आणि पहिल्या आठवड्यांतच वह्या संपल्या. ज्या मुलांस भांडारांतील स्वस्त वह्यांचा खरा आधार होता, त्यांना बाजारांतून महाग वह्या घ्याव्या लागल्या. एकदोघांनीं तर गेल्या वर्षींच्या वह्यांतील कोरीं पानें काढून तीं दोऱ्यानें शिवलीं व त्यांवर काम भागविलें. पेन्सिलींचीं खोकीं मात्र दिवाळीपर्यंत कपाटांत तशींच पडून होतीं. तीं खोकीं पाहिलीं म्हणजे मला माझ्या सहीची आठवण होई.

नोंदवहींतील एकही ओळ खोटी नव्हती. मोजणींतही चूक नव्हती. मग निष्कर्ष चुकला कसा? हें समजण्यासाठीं अशाच नोंदवहींतील एका दिवसाचा नमुना कल्पूं या. त्यांत आठ ओळी आहेत:

पहिली ओळ: पेन्सिल, १ नग.
दुसरी ओळ: वह्या, २४ नग.
तिसरी ओळ: पेन्सिली, २ नग.
चौथी ओळ: पेन्सिल, १ नग.
पांचवी ओळ: वह्या, १२ नग.
सहावी ओळ: पेन्सिल, १ नग.
सातवी ओळ: वह्या परत आल्या, ६ नग वजा.
आठवी ओळ: पेन्सिली, २ नग.

ओळी मोजल्या तर पेन्सिलींच्या पांच व वह्यांच्या तीन भरतात. यावरून पेन्सिली पुढें गेल्या असें दिसतें. आतां नगांची बेरीज करा. पेन्सिली १, २, १, १ व २ मिळून ७. वह्या २४ व १२ मिळून ३६. त्यांतून परत आलेल्या ६ वजा जातां ३०. म्हणजे विकलेला माल पाहतां वह्या पेन्सिलींच्या चौपटीहूनही अधिक गेल्या. पेन्सिलीची किंमत ५ रुपये व वहीची ३० रुपये धरली, तर पेन्सिलींचे ३५ रुपये आणि वह्यांचे ९०० रुपये जमा झाले. आमच्या विद्यार्थ्यानें “किती वेळां विकलें?” ह्या प्रश्नाचें उत्तर काढलें होतें. भांडाराला हवें होतें तें “किती माल गेला?” ह्या प्रश्नाचें उत्तर. माझी चूक अशी कीं, उत्तर बरोबर आहे कीं नाहीं एवढेंच मीं पाहिलें; तें कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे, हें पाहिलें नाहीं.

एक ओळ म्हणजे काय?

जमाखर्चाच्या आपल्या जुन्या पद्धतींत रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. रोजकीर्दींत दिवसाचा प्रत्येक व्यवहार जसा घडला तसा एकेका कलमानें लिहिला जाई. खतावणींत तींच कलमें खात्यावार वेगळीं होऊन त्यांच्या रकमांची बेरीज होई. ह्या दोन वह्यांतच आपला प्रस्तुत विषय सांठविलेला आहे. रोजकीर्दींतील कलमें मोजलीं तर व्यवहार किती झाले तें कळतें. खतावणींतील बेरीज पाहिली तर देणेंघेणें किती झालें तें कळतें. कोणीही शहाणा सावकार कलमांच्या संख्येवरून आपली संपत्ति ठरवीत नसे.

तथापि मोजणी ही हलकी रीत आणि बेरीज ही श्रेष्ठ रीत, असें मात्र समजूं नका. आपल्या नमुन्यांत पेन्सिलींसाठीं पांच वेळां कोणीतरी खिडकीशीं येऊन उभें राहिलें. भांडारावर किती मुलें बसवावीं, सुटे पैसे किती ठेवावे, खिडकी किती वेळ उघडी असावी, हें ठरवावयाचें असेल तर येथें मोजणीच उपयोगी आहे. एक पेन्सिल घेणाऱ्या मुलासही चोवीस वह्या घेणाऱ्याइतकाच वेळ द्यावा लागतो. केवळ बेरीज पाहणारा दुकानदार लहान गिऱ्हाइकांस विसरतो. केवळ ओळी मोजणारा दुकानदार मोठी मागणी ओळखीत नाहीं. दोघांचेंही नुकसान होतें.

शिवाय मोजणींतही एक पोटभेद आहे. पांच ओळी म्हणजे पांच मुलें असें नाहीं. एकच विसराळू मुलगा तीन वेळां आला असेल, तर ओळी पांच पण गिऱ्हाइकें तीनच. उलट एका पावतीवर वह्या, पेन्सिली आणि खोडरबर अशा तीन ओळी असतील, तर ओळी तीन पण पावती एक व गिऱ्हाईकही एकच. म्हणून मोजण्यापूर्वीं स्वतःस विचारावें कीं, ह्या वहींतील एक ओळ म्हणजे नक्की काय आहे: एक मनुष्य, एक फेरी, एक पावती, कीं एक जिन्नस? ह्याचें उत्तर एका वाक्यांत देतां आल्याशिवाय मोजावयास बसूं नये.

परत आलेला माल आणि निरनिराळीं मापें

नमुन्यांतील सातव्या ओळीकडे पुनः पाहा. सहा वह्या परत आल्या. त्या ओळीनें मोजणी एकानें वाढविली, पण बेरीज सहानें घटविली. एकच घटना एका रीतीनें वाढ दाखविते व दुसऱ्या रीतीनें घट दाखविते. एखाद्या दुकानांत माल वारंवार परत येत असेल, आणि अहवाल लिहिणारा केवळ नोंदी मोजीत असेल, तर दुकान जितकें बुडत जाईल तितका अहवाल भरभराटीचा दिसेल. ह्यास्तव विक्रीच्या ओळी वेगळ्या व परतीच्या ओळी वेगळ्या मोजाव्या, आणि बेरीज मात्र परत आलेला माल वजा करूनच लिहावी.

बेरजेचीही एक अट आहे. ती अशी कीं, मिळवावयाच्या राशी एकाच मापाच्या असाव्या. दहा पोतीं आणि दहा क्विंटल मिळून वीस कांहींच होत नाहींत. आपल्या आजोबापणजोबांच्या काळीं ही अडचण फार मोठी होती. मण चाळीस शेरांचा खरा, पण शेर सर्वत्र सारखा नसे. पायलीचें मापही गांवोगांव बदले. एका गांवचे दहा मण आणि दुसऱ्या गांवचे दहा मण यांची बेरीज कागदावर वीस येई, पण काट्यावर येत नसे. १९५६ सालीं संसदेनें वजनमापांचा कायदा केला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें किलोग्रॅम व क्विंटल ही पद्धति आली. तेव्हांपासून सोलापूरचा क्विंटल आणि नाशिकचा क्विंटल यांची बेरीज निःशंकपणें करतां येते. पोत्याचें मात्र तसें नाहीं. पोतें हें मोजावयाचें असतें. तें कांहीं माप नव्हे.

कांद्याची पट्टी

आतां आपल्या मंद्रूपच्या घराघरांशीं ज्याचा संबंध येतो, अशा उदाहरणाकडे वळूं. दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कांदा सोलापूरच्या बाजारसमितींत जातो. तेथील आवक पुष्कळदां गाड्यांत सांगितली जाते: आज इतक्या गाड्या कांदा आला. ही मोजणी आहे. गाडी लहान टेम्पोही असते आणि मोठा ट्रकही असतो. यार्डांत जागा किती लागेल आणि रस्त्यावर गर्दी किती होईल, हें गाड्यांच्या संख्येवरून कळतें. कांदा किती आला हें कळण्यास वजनांची बेरीजच करावी लागते.

शेतकऱ्याच्या हातीं जी पट्टी पडते, तींत तर मोजणी व बेरीज शेजारीं शेजारीं बसलेल्या असतात. पोतीं किती, हा एक आंकडा; वजन किती, हा दुसरा; दर काय, हा तिसरा; हमाली, तोलाई, गाडीभाडें हे त्यापुढील. शेतकऱ्यास मिळणारी रक्कम वजनावर ठरते. खर्चाचीं कांहीं कलमें पोत्यांच्या संख्येवर किंवा गाडीच्या फेरीवर ठरतात आणि कांहीं वजनावर ठरतात. दर उतरला म्हणून पोत्यांची संख्या उतरत नाहीं, व गाडीचें भाडेंही उतरत नाहीं. ही साधी गोष्ट किती कठोर होऊं शकते, हें फेब्रुवारी २०२३ मध्यें साऱ्या देशानें पाहिलें.

त्या महिन्यांत बार्शी तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें सोलापूरच्या बाजारांत १० पोतीं कांदा आणला. वजन ५१२ किलो भरलें. दर किलोस १ रुपया मिळाला. म्हणजे एकूण ५१२ रुपये झाले. त्यांतून खर्चाचे ५०९ रुपये ५१ पैसे वजा होऊन हातीं २ रुपये ४९ पैसे उरले. ही बातमी वृत्तपत्रांत सर्वत्र प्रसिद्ध झाली.

ह्या एका पट्टीवर “किती?” हा प्रश्न विचारून पाहा. पट्ट्या मोजणारा म्हणेल, एक. पोतीं मोजणारा म्हणेल, दहा. वजनांची बेरीज करणारा म्हणेल, ५ क्विंटल १२ किलो. विक्रीच्या रकमेची बेरीज करणारा म्हणेल, ५१२ रुपये. शेतकऱ्याच्या घरीं वाट पाहणारीं माणसें म्हणतील, २ रुपये ४९ पैसे. म्हणजे किलोमागें अर्ध्या पैशाहूनही कमी. हीं पांचही उत्तरें खरीं आहेत. त्या दिवशीं इतक्या पट्ट्या झाल्या, इतकीं पोतीं विकलीं गेलीं, इतका माल उठला, असा अहवाल कोणी लिहिला असता, तर त्यांत असत्य कांहींच नसतें. परंतु शेतकऱ्याचें दुःख त्यांत कोठेंही दिसलें नसतें. अहवालांत कोणता आंकडा ठेवावयाचा, हा प्रश्न केवळ गणिताचा नाहीं, न्यायाचाही आहे, तो असा.

पुढें मार्च २०२३ मध्यें राज्य सरकारनें कांदा उत्पादकांस क्विंटलमागें ३५० रुपये, व प्रत्येक शेतकऱ्यास जास्तींत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केलें. येथें सरकारनें पट्ट्याही मोजल्या नाहींत आणि पोतींही मोजलीं नाहींत, वजन धरलें. ज्यानें आपल्या पट्टीवरील वजनाचा आंकडा नीट वाचून ती जपून ठेविली, त्याला आपला हक्क सांगणें सोपें गेलें.

सरासरींतील फसवणूक

मोजणी व बेरीज यांची गल्लत सरासरींत सर्वांत अधिक लपून राहते. समजा, एका शेतकऱ्याचा कांदा प्रतवारीप्रमाणें तीन वक्कलांत विकला गेला. पहिला वक्कल १ क्विंटलचा, दर ३,००० रुपये. दुसरा ९ क्विंटलचा, दर १,२०० रुपये. तिसरा २० क्विंटलचा, दर ६०० रुपये. सरासरी दर काय?

घाईनें हिशेब करणारा तीन दर मिळवून तिनानें भागतो. ३,०००, १,२०० व ६०० मिळून ४,८००. त्यास तिनानें भागतां १,६०० रुपये. पण हा दर शेतकऱ्याला मिळालेलाच नाहीं. खरा हिशेब असा: पहिल्या वक्कलाचे ३,०००, दुसऱ्याचे १०,८०० व तिसऱ्याचे १२,००० मिळून २५,८०० रुपये. माल ३० क्विंटल. म्हणून सरासरी दर क्विंटलास ८६० रुपये. पहिल्या रीतीनें एक क्विंटलच्या वक्कलास वीस क्विंटलच्या वक्कलाइतकाच मान दिला, कारण त्या रीतीनें ओळी मोजल्या. दुसऱ्या रीतीनें प्रत्येक क्विंटलास सारखा मान दिला. “कांद्याला तीन हजारांचा दर” अशी बातमी वाचून पालकांनीं आशा बांधण्यापूर्वीं, तो दर किती क्विंटलांना मिळाला, हें अवश्य विचारावें.

बाजाराबाहेरील उदाहरणें

हाच भेद बाजाराबाहेरही पदोपदीं आढळतो. १९७२ च्या दुष्काळाची आठवण आपल्या जिल्ह्यांतील वृद्ध माणसें अजून सांगतात. त्या अनुभवांतून रोजगार हमीची योजना वाढली. तिचा कायदा १९७७ सालीं झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. अशा कामावर हजेरीपट असतो. समजा, एका आठवड्याच्या हजेरीपटावर पांच नांवें आहेत, आणि त्यांनीं अनुक्रमें ६, ६, ६, २ व १ दिवस काम केलें. नांवें मोजलीं तर पांच. दिवसांची बेरीज केली तर २१ मनुष्यदिन. पांच माणसांस सहा दिवसांचें काम दिलें असें मोघम लिहिलें, तर ३० मनुष्यदिन होतात, आणि नऊ दिवसांची मजुरी कागदावर वाढते. उलट “२१ मनुष्यदिन काम दिलें” एवढेंच लिहिलें, तर एका मजुरास एकच दिवस काम मिळालें, ही गोष्ट झांकली जाते. म्हणून दोन्ही आंकडे हवेत.

जमिनीच्या बाबतींतही तेंच. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें देशांतील वहितीच्या खात्यांपैकीं सुमारें ८६ टक्के खातीं दोन हेक्टरांहून कमी जमिनीचीं होतीं. हें झालें खात्यांच्या मोजणीवरून. क्षेत्राची बेरीज केली तर त्या सर्व खात्यांकडे मिळून वहितीची जमीन सुमारें ४७ टक्केच होती. शेती कोणाची आहे, ह्या प्रश्नास “बहुतेक लहान शेतकऱ्यांची” हेंही उत्तर खरें, आणि “निम्म्याहून अधिक जमीन उरलेल्या थोड्यांकडे” हेंही उत्तर खरें. जो एकच उत्तर सांगतो, तो अर्धी हकीकत सांगतो.

कांहीं ठिकाणीं तर कायद्यानेंच सांगून ठेविलें आहे कीं, केवळ मोजूं नका. राष्ट्रपतींच्या निवडणुकींत प्रत्येक मताचें मूल्य ठरलेलें असतें. २०२२ सालीं संसदसदस्याच्या मताचें मूल्य ७०० होतें, आणि महाराष्ट्राच्या विधानसभेच्या सदस्याच्या मताचें १७५ होतें. सिक्कीमच्या सदस्याच्या मताचें ७ होतें. त्या निवडणुकींत श्रीमती द्रौपदी मुर्मू यांना २,८२४ मतें मिळालीं व त्यांच्या मूल्याची बेरीज ६,७६,८०३ झाली. श्री. यशवंत सिन्हा यांना १,८७७ मतें मिळालीं व त्यांचें मूल्य ३,८०,१७७ झालें. मतपत्रिका मोजल्या तर विजयी उमेदवारास सुमारें ६० टक्के मतें होतीं. मूल्यांची बेरीज केली तर सुमारें ६४ टक्के. निकाल बेरजेवर लागतो, मोजणीवर नव्हे.

संगणकावर भिस्त ठेवणारांसाठीं

हल्लीं हिशेब संगणकावर होतात, तेव्हां ही चूक होणार नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ती अधिक सुलभ झाली आहे. एक्सेलमध्यें ‘काउंट’ हा आदेश संख्या असलेलीं घरें मोजतो, आणि ‘सम’ हा आदेश त्या संख्यांची बेरीज करतो. एका शब्दाच्या फरकानें उत्तर बदलतें, आणि दोन्ही उत्तरें सारख्याच सुबक अक्षरांत पडद्यावर उमटतात.

आणखी एक खुबी लक्षांत ठेवा. नगांच्या रकान्यांत कोणी १२ ह्या आंकड्याऐवजीं “१२ नग” असें अक्षरांसह लिहिलें, तर संगणक त्यास संख्या मानीत नाहीं. बेरीज करतांना तें घर तो मुकाट्यानें गाळतो. अशा रकान्यावरून ‘पिव्हट टेबल’ म्हणजे सारांशाचा तक्ता केला, तर यंत्र आपण होऊन बेरजेऐवजीं मोजणी करून ठेवितें, आणि मथळ्यांत ‘सम ऑफ’ ऐवजीं ‘काउंट ऑफ’ असे शब्द घालतें. तो मथळा न वाचणारा मनुष्य नोंदींच्या संख्येलाच विक्री समजून साहेबांपुढें ठेवतो. आमच्या भांडारांतील विद्यार्थ्यानें बोटानें केलें, तेंच येथें यंत्र करतें. फरक इतकाच कीं, यंत्राचें उत्तर पुनः तपासण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

उपाय सोपा आहे. मोठा तक्ता करण्यापूर्वीं त्यांतील आठदहा ओळी कागदावर घ्या, हातानें बेरीज करा, आणि यंत्राच्या उत्तराशीं ताडून पाहा. आठ ओळींचें उत्तर ८ आलें, तर यंत्रानें ओळीच मोजल्या असाव्या, असा संशय घ्या.

अहवाल लिहितांना

ह्या साऱ्यांतून अहवाल लिहिणारांसाठीं चार गोष्टी निघतात. पहिली, वहींतील एक ओळ म्हणजे काय, तें एका वाक्यांत लिहा. दुसरी, विचारणाऱ्यास “किती वेळां?” हवें आहे कीं “किती माल?” हवें आहे, तें त्यालाच विचारा. तिसरी, मापें एकाच जातीचीं आहेत ना, परतीच्या नोंदी वजा झाल्या ना, आणि कोणतें घर रिकामें किंवा अक्षरांनीं भरलेलें नाहीं ना, हें पाहा. चौथी, उघडा आंकडा कधींही ठेवूं नका. “विक्री ८” असें न लिहितां, “नोंदी ८, त्यांपैकीं परतीची १, निव्वळ विक्री ३७ नग, रक्कम ९३५ रुपये” असें लिहा. शाईचे चार थेंब अधिक लागतील. पण वाचणारास फसण्यास जागा उरणार नाहीं.

पालकांस एक विनंति आहे. घरांत बाजाराची पट्टी, दूधसंकलनाची चिठ्ठी किंवा दुकानाचें बिल आलें, म्हणजे तें मुलांच्या हातीं द्यावें आणि प्रत्येक आंकडा मोजून आला कीं मिळवून आला, हें त्यांस सांगावयास लावावें. पुस्तकांतील दहा उदाहरणांपेक्षां घरच्या घामाची एक पट्टी मुलांस अधिक शिकवील, आणि कदाचित् पट्टींतील एखादी चूकही त्यांच्या नजरेस येईल.

आमच्या भांडारांतील तो विद्यार्थी पुढील सत्रांतही नोंदवही लिहीत राहिला. अहवालाच्या वेळीं त्यानें दोन रकाने आंखले: एक ओळींचा व एक नगांचा. मीं सही करण्यापूर्वीं दोन्ही रकाने त्याच्याबरोबर बसून पुनः केले. त्या जून महिन्यांत वह्या पुरल्या.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एका सकाळीं दूधसंकलनाच्या वहींत २, १॥, १०, ॥ आणि ६ लिटर अशा पांच नोंदी आहेत. एकूण दूध किती? निम्म्याहून अधिक नोंदी मिळून एकूण दुधाच्या किती भाग आहेत? डेअरीच्या भांड्यांसाठीं कोणता आंकडा हवा, आणि रांगेंतील माणसांसाठीं कोणता?

२. चाळीस मुलांच्या वर्गांत सहा दिवसांची हजेरी ३८, ३६, ४०, ३५, ३१ व ३० अशी होती. सरासरी हजेरी काढा. एकही दिवस न चुकविणारीं मुलें किती, हें ह्या आंकड्यांवरून नक्की सांगतां येईल काय? नसल्यास कां नाहीं?

३. लेखांतील तीन वक्कलांच्या उदाहरणांत तिसरा वक्कल २० ऐवजीं ४० क्विंटलचा असता, तर सरासरी दर काय झाला असता? तिनानें भागणाऱ्या मनुष्याचें उत्तर बदललें असतें काय?

४. घरांतील एखादी जुनी पट्टी किंवा बिल घ्या. त्यांतील प्रत्येक आंकड्यापुढें ‘मोजणी’ किंवा ‘बेरीज’ असें लिहा, आणि हातीं आलेली रक्कम स्वतः काढून पाहा.